एम१ए म्हणजे ‘थोडासा’ नव्हे

तलावपाळीला सकाळी चालणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला: ‘प्रोस्टेटच्या रिपोर्टात गाठींत कॅन्सर सापडला की एम१ समजा. एम१ए म्हणजे थोडा पसरलेला, बी म्हणजे बराच, सी म्हणजे सगळीकडे. स्कॅन न करता एम० लिहिलं असेल तर डॉक्टर बदला.’ मी नवी मुंबईत केसपेपर वाचून कॅन्सरच्या स्टेजची नोंद करतो, दिवसभर हेच काम. त्यामुळे गप्प बसवेना. स्टेजच्या नोंदीत टी म्हणजे मूळ जागचा कॅन्सर, एन म्हणजे जवळच्या लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठींत, मेसेजातल्या ‘गाठी’ त्याच) गेलेला, एम म्हणजे लांब पसरलेला; एन-एमपुढे ० म्हणजे नाही, १ म्हणजे आहे.

आधी गाठींचं, कारण खरा घोळ तिथेच होतो. ओटीपोटाच्या पोकळीत, प्रोस्टेटच्या आसपासच्या लिम्फ नोडमध्ये कॅन्सर असेल तर तो एन१. तेवढ्यावरून एम१ होत नाही. त्या पोकळीबाहेरची गाठ, म्हणजे पोटात महाधमनीलगतची किंवा गळ्याच्या हाडावरची, सापडली तर एम१ए. जांघेतली गाठसुद्धा एम१ए. वाटते अगदी शेजारची, पण प्रोस्टेटच्या हिशेबात ती परकी! फरक नुसता कागदी नाही: एन१ एम० असेल तर स्टेज ४ए, एम१ असेल तर ४बी.

आता ए-बी-सी. ही अक्षरं कॅन्सर ‘कुठे’ गेला ते सांगतात, ‘किती’ ते नाही. लांबच्या गाठी ए, हाडं बी, यकृत-फुफ्फुसासारखे इतर अवयव सी. मणक्यात एकच डाग असला तरी एम१बी, दहा असले तरी एम१बी. महाधमनीलगत गाठींचा घोसच्या घोस असेल, तरी हाडं आणि इतर अवयव साफ असतील तर शेरा एम१ए हाच राहतो. दोन ठिकाणी सापडला तर वरचं अक्षर धरायचं: हाड आणि यकृत दोन्ही असतील तर एम१सी. (मूत्राशयात थेट घुसलेला कॅन्सर टी४. त्याचा एमशी संबंध नाही.)

स्कॅनचं म्हणाल तर एम० लिहायला लक्षणांची विचारपूस आणि तपासणी नियमाने पुरते. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) कमी, पेशींची ग्रेड सौम्य असेल तर बोन स्कॅन बहुधा सांगतच नाहीत. ‘एमएक्स’, म्हणजे ‘लांब पसरला का ते ठरवता येत नाही’, हा जुना शेरा तर केव्हाच काढून टाकलाय.

त्याच ग्रुपमधल्या एका काकांनी बाकावर बसून पिशवीतून रिपोर्ट काढला. ‘ऑब्च्युरेटर नोड’वर बोट ठेवून म्हणाले, ‘पसरलाच ना?’ ती गाठ ओटीपोटातलीच. छापलं होतं एन१ एम०, आणि बाजूला, मेसेज वाचून, काकांनी स्वतःच्या पेनाने लिहिलं होतं: एम१ए. ते आधी खोडायला लावलं.