मला बाठा आवडत नाही

आज भावाकडे कल्याणला जेवायला गेले होते. जेवणं झाली, आंबे कापले, आणि भावजयीने ताटलीत दोन बाठे घालून माझ्यासमोर ठेवले, "ताईंना बाठाच आवडतो ना." आई पण लगेच, "हो गं, लहानपणापासून." मी 46 वर्षांची आहे आणि मला बाठा आवडत नाही. कधीच आवडला नाही!!

हे सगळं सहावीतलं. रत्नागिरीचं घर, माळ्यावर आढी, आम्ही तीन भावंडं आणि विळीवर मी, कारण मी थोरली. त्या दिवशी आढीत एकच आंबा पिकलेला निघाला. फोडी दोन, पोरं तीन. धाकटीने भोकाड पसरलं, आई म्हणाली तू मोठी ना, समजून घे. रडू यायला लागलं होतं म्हणून मीच म्हणाले, मला बाठाच आवडतो. झालं. त्या एका वाक्यावर 35 वर्षं निघाली.

आणि घरी येऊन बघते तर धाकटीने फॅमिली ग्रुपवर रील टाकलंय. थोरली जबाबदार, मधली समजूतदार, शेंडेफळं बिनधास्त, जन्मतःच म्हणे! वर अॅडलर या मानसशास्त्रज्ञाचा फोटो. तो स्वतः दुसऱ्या नंबरचा, म्हणजे आयता कापलेला आंबा खाणाऱ्यातला. पण दुसरं मूल आलं की पहिल्याचं सिंहासन जातं एवढं तरी तो बिचारा म्हणाला होता, रीलमध्ये तेवढंही नाही. जबाबदार म्हणे. अकराव्या वर्षी हातात विळी दिली की कोणीही जबाबदार होतं.

हो, माहितीये, 2015 मध्ये अमेरिका, ब्रिटन, जर्मनीतल्या 20 हजारांवर लोकांचा अभ्यास झाला आणि जन्मक्रमाने स्वभावात जवळजवळ काही फरक पडत नाही असं निघालं. मान्य. मग आमच्या घरात जे चाललं त्याला स्वभाव म्हणू नका ना, ड्यूटी म्हणा. तुकोबांचे थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले आणि घर, दुकान, देणी सगळं मधल्या तुकोबांच्या गळ्यात आलं, तिथे कुठला आलाय जन्मक्रम.

आमच्याकडे तरी वेगळं काय. बाबा गेले तेव्हा मी लग्न होऊन ठाण्यात, धाकटी पुण्यात, आईला घेऊन आला तो मधलाच. तिच्या बीपीच्या गोळ्या, बँक, डोळ्याचं ऑपरेशन सगळं तोच बघतो आणि मी रोज रात्री फोन करून "जेवलीस का" विचारते. लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय खरं. त्याला काय आवडत नाही ते मी तरी कधी विचारलंय.

पण मग परत ती ताटली आठवते आणि डोकं फिरतं. कारण मी एक बाठा उचलला तेवढ्यात माझ्या आठ वर्षांच्या भाचीने दुसरा ओढला आणि म्हणाली, आत्या, मला पण बाठाच आवडतो. शेजारी तिचा तीन वर्षांचा भाऊ दोन्ही मुठीत फोडी घेऊन बसलेला. सगळे हसले, अगदी आत्यावर गेलीये म्हणाले. आणि मी पण हसले हो!

आत्ता न राहवून भावाला फोन लावला, सगळं सांगितलं. तो म्हणतो, "अगं ताई, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

म्हटलं, ते राहू दे, फोन पोरीला दे.