‘सोसायटीचा विमा आहे ना!’

भाडेकरूची पोलीस पडताळणी होते, अकरा महिन्यांचा करार होतो, डिपॉझिट मोजून घेतलं जातं. आगीच्या विम्याचं विचारलं की घरमालकांचं ठरलेलं उत्तर: ‘सोसायटीचा आहे ना!’ अहो, तो बहुतेकदा इमारतीपुरता असतो. तुमचं फर्निचर, बुडालेलं भाडं कोण भरून देणार? ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळतेय, चौकशी तरी करा!

आणि वायरिंग? जुनाट. त्यावर दोन एसी, गीझर, इंडक्शन, दाराशी रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, सारखा पडतो म्हणून थेट जास्त अँपिअरचा बसवतात! अरे, तो पडतो म्हणूनच वायर जळत नाही ना? आधी वायरिंग बदला. त्या घरात कुणाची तरी पोरं राहतात!