बैरूतच्या टॉवरखाली राहणारी माणसे

सीरियातील निर्वासितांवर गेल्या दशकभरात इतके माहितीपट निघाले की त्यांचा एक साचाच पडून गेला आहे. छावणीतला तंबू, दाराशी चिखल, कॅमेऱ्यासमोर बसवलेली आई. बोलता बोलता तिचा कंठ दाटतो, ती तोंड फिरवते, आणि नेमके तेव्हाच कॅमेरा आणखी पुढे सरकतो. यातल्या सगळ्याच कामांना नावे ठेवण्याचे कारण नाही, साक्षी नोंदवून ठेवण्याचेही मोल असते. पण झियाद कलथूम या सीरियन दिग्दर्शकाचा २०१७ सालचा 'टेस्ट ऑफ सिमेंट' हा माहितीपट पाहिल्यापासून माझे मत असे झाले आहे की, निर्वासिताला त्याची कर्मकहाणी सांगायला न लावता नुसते त्याच्या कामाकडे नीट पाहत राहिले, तर त्याचा मान अधिक राखला जातो.

चित्रपटात घडते ते फार थोडे. लेबनॉनची राजधानी बैरूतमध्ये समुद्राच्या बाजूला एक टॉवर उभा राहतो आहे आणि त्यावर राबणारे मजूर सीरियन आहेत. सकाळी ते इमारतीच्या तळाशी असलेल्या एका भोकातून एकेक करून वर येतात, साइटच्या लिफ्टने वरचे मजले गाठतात, दिवसभर काम करतात आणि सुट्टी झाली की त्याच भोकातून पुन्हा तळघरात उतरतात, कारण संध्याकाळी सातनंतर सीरियन माणसाने बाहेर दिसायचे नाही असा हुकूम आहे. ज्या शहरात ते वर्षानुवर्षे राहतात ते शहर त्यांना दिसते ते एवढ्या उंचीवरूनच. खाली तळघरात पाणी साचलेले असते, ओल आलेली असते, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या जो तो फोनवर गावाकडच्या बातम्या पाहत असतो. कॅमेरा एका मजुराच्या डोळ्याच्या इतक्या जवळ जातो की फोनच्या पडद्यावरची पडकी घरे त्याच्या बुबुळात हलताना दिसतात. त्याचे नाव काय, गाव कोणते, घरचे कोण गेले, यातले काहीही आपल्याला कळत नाही, आणि ते विचारण्याचा आपल्याला हक्क आहे असेही त्या क्षणी वाटत नाही.

मजुरांपैकी कोणीही कॅमेऱ्याशी बोलत नाही. पडद्यामागून येणारा एकच आवाज आहे, एका मुलाचा, जो आता मजूर झाला आहे. त्याचे वडीलही बैरूतला बांधकामावर जात असत. एकदा येताना त्यांनी समुद्राचे एक मोठे चित्र आणले, ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले, आणि मुलाने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या भिंतीवर. वडिलांच्या हातांना सिमेंटचा वास यायचा, त्यांनी भरवलेल्या घासालाही. पुढे बाँबहल्ल्यात घर कोसळते, मुलगा ढिगाऱ्याखाली गाडला जातो आणि तीच चव त्याच्या तोंडात येते.

हे वडिलांचे प्रकरण नीट समजायला लेबनॉनचा थोडा इतिहास माहीत हवा, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा जीव तिथेच आहे. लेबनॉनचे यादवी युद्ध १९७५ ते १९९० असे पंधरा वर्षे चालले. त्यात बैरूतचा मध्यभाग अक्षरशः चाळण झाला होता. नव्वदच्या दशकात तो पुन्हा उभारला गेला, आणि त्या कामाला सीरियातून येणाऱ्या स्वस्त मजुरांचे हात लागले. त्याच काळात सीरियाचे सैन्यही लेबनॉनमध्ये ठाण मांडून होते, १९७६ पासून थेट २००५ पर्यंत. त्यामुळे सामान्य लेबनीज माणसाच्या डोक्यात 'सीरियन' म्हटले की नाक्यावरचा सैनिक आणि साइटवरचा बिगारी अशा दोन आकृत्या एकदम उभ्या राहतात, आणि पहिल्याचा राग दुसऱ्यावर निघतो. बाप लेबनॉनमध्ये आला तेव्हा त्याच्या देशाचे सैन्य तिथे मुक्काम करून होते; मुलगा आला तो त्याच सैन्यापासून जीव वाचवून. स्वतः कलथूम सीरियातल्या होम्स शहराचा, आणि सक्तीच्या लष्करी सेवेतून पळालेला. या चित्रपटात सैनिकांविषयी एक शब्द नसताना सैन्याची सावली मात्र सतत जाणवते, त्याचे कारण हे असावे.

लेबनॉनची बाजूही सांगायला हवी. एप्रिल २०१४ मध्ये तिथे नोंदलेल्या सीरियन निर्वासितांची संख्या दहा लाखांवर गेली. एवढ्याशा देशात दर चार-पाच माणसांमागे एक निर्वासित. इतका भार युरोपातल्या कोणत्याही श्रीमंत देशाने उचलला नाही. पण लेबनॉनने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही (आपणही केलेली नाही), सीरियनांसाठी अधिकृत छावण्या उभारल्या नाहीत, जानेवारी २०१५ पासून सीमेवरचे नियम आवळले आणि त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला नवी नोंदणीही थांबवायला लावली. कामाची मुभा उरली ती मुख्यतः बांधकाम, शेती आणि साफसफाई या तीन ठिकाणी. गावोगावच्या नगरपालिकांनी संध्याकाळची संचारबंदी लावली ती वेगळीच. म्हणजे दिवसा हात हवेत आणि रात्री माणूस नको, अशी ही सगळी व्यवस्था होती. तळघरातले ते भोक ही दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघालेली प्रतिमा असती तर ती मला बटबटीत वाटली असती. पण कायद्याने माणसाला इतकीच जागा उरवली होती.

मी बांधकामाच्या साइटवर बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच हातांकडे गेले. सळया बांधणाऱ्याच्या बोटांची तारेवरची चपळाई, स्लॅबच्या कडेला उभे राहताना आपोआप मागे झुकणारे शरीर, हे खोटे करता येत नाही. ओले सिमेंट कातडी खाते. बोटांच्या पेरांत चिरा पडतात आणि त्यांत ते पुन्हा शिरते. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट काव्य वाटेल, साइटवर ती रोजची तक्रार आहे. आवाजाचे कामही तसेच जाणते आहे. ड्रिलची घरघर, हातोड्यांचे ठोके आणि रणगाड्याचा खडखडाट एकमेकांत असे मिसळत जातात की बांधणे कुठे संपते आणि पाडणे कुठे सुरू होते ते कानांना उमगत नाही. टॉवर क्रेनची भुजा शहरावरून संथ फिरते आणि पुढच्याच दृश्यात रणगाड्याची तोफ तितक्याच संथपणे उद्ध्वस्त गल्लीवरून फिरते. हे संकलन पाहून मी जागीच थिजलो. शेवटी मिक्सर ट्रकच्या फिरत्या ड्रमबरोबर बैरूतही गरगरू लागते, ते मात्र मला जरा जास्त लांबलेले वाटले.

हा चित्रपट नको तितका देखणा आहे, असा एक आक्षेप घेता येतो. मला तो अर्धाच पटतो. देखणेपणाला माझी हरकत नाही. गरिबाचे जिणे दाखवायचे म्हणून चित्रीकरणही गबाळे हवे, हा आपल्याकडचाही एक जुना भ्रम आहे. माझी तक्रार वेगळी आहे. टॉवर कोणाचा, कंत्राट कोणाकडे, हजेरी किती, पगार बुडवला तर दाद कोणाकडे मागायची, याचा उच्चारही इथे नाही. मजुरांच्या दुःखावर मौन पाळणे योग्यच होते, पण मालकाच्या हिशेबावर मौन का? संचारबंदीमुळे फायदा नेमका कोणाचा झाला, हा प्रश्न त्या मौनात बुडून जातो. रात्री जाऊ न शकणारा मजूर सकाळी वेळेवर हजर असतो, हे कोणत्याही ठेकेदाराला सांगावे लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या साइटवरचे पत्र्याचे शेड आठवून कोणी म्हणेल की आपल्याकडेही हेच आहे. राहण्याच्या हालांपुरते ते खरे आहे. पण आपल्याकडच्या मजुराला छठला किंवा पेरणीला गावी जाता येते, नाही जमले तर तो मुकादमाशी भांडून दुसरी साइट धरतो. बैरूतच्या त्या माणसाला परत जाणे म्हणजे तुरुंग, सक्तीची भरती किंवा मरण होते. हा फरक पुसून टाकला तर निर्वासित या स्थितीचा अर्थच हरवतो.

८ डिसेंबर २०२४ रोजी सीरियातली बशर अल-असद यांची राजवट कोसळली आणि त्यानंतर लाखो सीरियन परतू लागले. देश पुन्हा बांधायला २१६ अब्ज डॉलर लागतील असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. होम्स, अलेप्पो, दमास्कसची उपनगरे उभी करायला जे गवंडी आणि सेंट्रिंगवाले लागतील, त्यांतले पुष्कळ जण बैरूतच्या इमारतींवर राबून तयार झालेले असणार. त्यांच्यावरही कोणीतरी चित्रपट काढीलच. त्या चित्रपटात मला कंत्राटदाराचे नाव आणि रोजंदारीचा आकडाही पाहायचा आहे.