तिन्हींचा आकडा २.९

पुण्यामुंबईत स्पोर्ट्‌स गाड्यांवर दोन वाद जोरात असतात. पहिला हौशी मंडळींचा: पोर्शेची नाइन इलेव्हन भारी की लॅम्बोर्गिनीची हुराकान, मॅक्लारेनचा पिकअप जास्त की फेरारीचा. दुसरा १९ मे २०२४ च्या पहाटे पेटला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार अल्पवयीन मुलाच्या हाती असलेल्या विजेवरच्या पोर्शे टायकानने कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि महाराष्ट्र खवळला. तेव्हापासून ‘असल्या गाड्या रस्त्यावर येऊच देऊ नका’ हा सूर कायम आहे.

नाइन इलेव्हन जिथे तयार होते त्या जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये बसून ऐकलं, की दोन्ही पक्ष एकाच आकड्यावर अडलेले दिसतात: ० ते १००, म्हणजे उभ्या गाडीला ताशी १०० किमी गाठायला लागणारे सेकंद. एकाला त्याचा अभिमान, दुसऱ्याला त्याची धास्ती. हुराकान एव्हो, मॅक्लारेन ७२०एस आणि फेरारी २९६ जीटीबी या तिघींचा कंपनीने दिलेला आकडा एकच आहे, २.९ सेकंद. पण तिन्ही गाड्या चालवायला एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की तुलना या आकड्यापाशी संपत नाही, तिथून सुरू होते.

जर्मनीत म्हणजे मोकाट वेग, हा घरचा आवडता समज आधी बाजूला ठेवू. ऑटोबानच्या बऱ्याच भागाला मर्यादा नाही हे खरं, पण शिफारशीचा वेग १३० आहे आणि त्यापुढे अपघात झाला तर चूक समोरच्याची असूनही नुकसानीचा वाटा तुमच्या माथी येऊ शकतो. साध्या ग्रामीण रस्त्यावर १०० ची मर्यादा. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटला जाणारा ब्लॅक फॉरेस्टचा वळणांचा रस्ता गाडीवेड्यांची पंढरी, आणि त्याच्या बऱ्याच भागावर ७० ची पाटी. बोरघाटात ६०, इथे ७०. म्हणजे गाडीची खरी पारख दोन्हीकडे जवळपास सारख्याच वेगात होते.

या वेगात ७२०एस काय करते? स्टिअरिंगला अजून हायड्रॉलिक मदत आहे, त्यामुळे रस्त्याचा खडबडीतपणा, ओलावा, चाकाची पकड सुटायला लागल्याची सूचना, सगळं तळहातात येतं. वळणात कलणं रोखणारे दांडे, म्हणजे अँटी-रोल बार, नाहीत. धक्के झेलणारे चारही डँपर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. त्यामुळे गाडी वळणात कलत नाही आणि खड्ड्यात हाडंही मोडत नाही. उणीव एकच. चार लिटरच्या व्ही-८ चे टर्बो खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना, पेंगत असतात आणि जागे होतात तेव्हा घाटाची मर्यादा कधीच मागे पडलेली असते.

२९६ ची तऱ्हा उलटी. व्ही-६ आणि विजेची मोटर मिळून ८३० पीएस (अश्वशक्ती), पण मोटर टर्बोची पोकळी भरून काढते, त्यामुळे पाय टेकवताच उत्तर मिळतं. ब्रेक वायरवर चालतो, म्हणजे पायाखालचा दाब संगणक वाचतो आणि मग चाकावरचा ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, दाबतो. पेडलचा प्रवास अगदी थोडा, सवय व्हायला वेळ लागतो. स्टिअरिंग इतकं चपळ की अरुंद रस्त्यावर शिंक आली तरी लेन बदलेल. हुराकानच्या व्ही-१० ला टर्बोच नव्हता. पाय जितका खाली तितकी ताकद, तीही सरळ रेषेत चढणारी. एव्होची चारही चाकं ओढतात म्हणून ओल्यात ती धीराची, पण मागचं काही दिसत नाही आणि शहरात त्याची किंमत मोजावी लागते. तिच्या जागी आलेल्या टेमेरारिओत टर्बो आणि बॅटरी दोन्ही आहेत, तेव्हा ते सरळ चढणं आता जुन्या गाड्यांच्या बाजारातच शोधायचं.

नाइन इलेव्हनचं इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे लटकलेलं असतं आणि ६० टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर पडतं. यातून तीन गोष्टी होतात. ब्रेक मारताना मागची चाकंही भरपूर काम करतात, म्हणून गाडी नाक न आपटता थांबते. वळणातून बाहेर पडताना पकड मिळते. तिसरी गोष्ट मात्र शिकावी लागते: पुढचा भाग हलका आहे, त्यामुळे अॅक्सिलरेटरवर पाय ठेवूनच वळणात शिरलात तर नाक बाहेर धावतं. ब्रेक हळूहळू सोडत वळवायचं, म्हणजे पुढच्या चाकांवर वजन टिकतं. आणि वळणाच्या मध्यावर घाबरून पाय एकदम उचलायचा नाही. वजन पुढे गेलं की मागचा भाग बाहेर निघू पाहतो. आजकाल इलेक्ट्रॉनिक्स सावरून घेतं, पण पावसात आंबोलीच्या शेवाळल्या वळणावर त्यालाही मर्यादा आहेत.

माझं मत विचाराल तर ६० ते १०० च्या रस्त्यावर सर्वांत जास्त बोलणारी गाडी यांतली एकही नाही. ती आहे फ्रान्सची छोटी अल्पिन ए११०. १.८ लिटर, २५२ पीएस, वजन फक्त ११०० किलो. वजन कमी म्हणून स्प्रिंग मऊ ठेवता आले, आणि मऊ स्प्रिंगमुळे चाक रस्ता सोडत नाही. भारतात ती विकायला नाही. हौशी मंडळी तरी तिचं नाव कुठे काढतात? नाइन इलेव्हनची जीटीथ्री मात्र सगळ्यांना हवी असते. तिचं ४ लिटरचं, ५१० पीएसचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत जातं आणि रंगात येतं ते वरच्या टप्प्यात. दुसऱ्या गिअरमध्येच ती शंभरच्या बरीच पुढे असते. एक्स्प्रेसवेवर कायद्याने जायचं, तर त्या इंजिनाचं गाणं पहिल्या गिअरपुरतंच.

आता वजनाकडे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं गणित. वजनाचा गुणाकार मात्र विसरला जातो. ११०० किलोची अल्पिन आणि २३०० किलोच्या घरातली टायकान एकाच वेगाने जात असतील तर दुसरीत दुपटीहून जास्त ऊर्जा असते, आणि धडकेत ती सगळी कुठे तरी जातेच. टायकानचे ब्रेक कमी नाहीत. मोटरच गाडीचा वेग इतका कमी करते की रोजचं बरंचसं ब्रेकिंग पॅडला न शिवता होतं. धोका वेगळा आहे. आवाज नाही, गिअर चढल्याची जाणीव नाही, त्यामुळे ५० आणि ११० यांतला फरक कानाला कळत नाही. नवख्याला वेगाची सूचना देणारी सगळी साधनं या गाडीने शांत करून ठेवली आहेत.

कोरड्या रस्त्यावर या सगळ्या गाड्या १०० वरून ३५ मीटरच्या आसपास थांबतात. २०० वरून तेच अंतर १४० मीटर, शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी ५६ मीटर. उतारावर सारखा ब्रेक मारत राहिलात तर दोन प्रकारची गडबड होते. पेडल कडक, पण गाडी थांबत नाही: पॅड तापले. पेडल स्पंजासारखं खाली जातं: ब्रेकचं तेल उकळून त्यात वाफ झाली. डॉट ४ दर्जाचं ब्रेक तेल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं असेल तर मानकाची खालची मर्यादा १५५ वर येते. मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षांनी तेल बदलायचंच, गाडी फिरली असो वा नसो.

गतिरोधकाचंही असंच, बोलणं फार आणि मोजणं कमी. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकात उंचवटा १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा. नाइन इलेव्हनच्या दोन चाकांतलं अंतर २.४५ मीटर. चाकं माथ्याच्या दोन बाजूंना असताना पोटाखालची जागा फक्त ४४ मिमीने कमी होते. ७२०एसचं अंतर २.६७ मीटर, तिथे ५२ मिमी. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर या गाड्यांचं पोट घासायलाच नको. घासतं ते गल्लीतल्या मंडळींनी रातोरात उभारलेल्या हातभर रुंद, वीतभर उंच वरवंट्यांवर, कारण तिथे चारही चाकं खाली आणि सगळी उंची पोटाखाली. नाक उचलायची सोय पुढून साधारण ४० मिमी देते. ती ऑर्डर देतानाच घ्या, नंतर बसवणं फार महागात पडतं. पण ती नाक वाचवते, पोट नाही.

‘बंदी घाला’ म्हणणाऱ्यांना इथलं एक प्रकरण सांगावंसं वाटतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मध्यरात्रीनंतर बर्लिनच्या कुडाम रस्त्यावर दोघांनी शर्यत लावली आणि एका निरपराध वाहनचालकाचा जीव गेला. २०१७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दोघांना खुनासाठी दोषी धरलं. निकाल वर गेला, फिरला, पुन्हा आला. अखेर २०२० मध्ये सर्वोच्च पातळीवर एकाची जन्मठेप कायम झाली. दरम्यान, ऑक्टोबर २०१७ पासून बेकायदा शर्यत हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा झाला. गाड्यांवर बंदी आली नाही. इथे लायसन्सआधी ४५ मिनिटांच्या १२ खास फेऱ्या सक्तीच्या आहेत: ५ ग्रामीण रस्त्यावर, ४ ऑटोबानवर, ३ अंधारात. नंतरची दोन वर्षं परीक्षेची, त्यात दारूचा एक थेंब चालत नाही. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या गुन्ह्यात पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहेच. कायदा कमी नाही. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून लायसन्स देणं थांबवा, असं मात्र कुणी म्हणत नाही.

एवढं वाचूनही घ्यायचीच असेल, तर टेस्ट ड्राइव्हला निघण्यापूर्वी टायरच्या कडेचा, तो कधी बनला ते सांगणारा चार आकडी कोड बघा. ३२२२ म्हणजे २०२२ चा ३२वा आठवडा. वर्षाला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर आतून कडक झालेलं असतं. हवा सकाळी, गाडी गार असताना मोजा. टायर १० अंशांनी तापला की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, म्हणून दुपारी तापलेल्या टायरमधली ‘जास्तीची’ हवा सोडू नका. समृद्धीच्या काँक्रीटवर १२० ने तासभर जायचं असेल तर कमी हवाच घातक: कड सतत दुमडते, तापते आणि फुटते. मग गाडी साध्या मोडमध्ये ठेवा, खराब पॅच असलेला रस्ता निवडा, ८० वरून तीनदा जोरात ब्रेक मारा आणि तिसऱ्या वेळी पेडल पहिल्याइतकंच वर राहतं का ते पाहा. सेल्समन स्पोर्ट मोड लावायला हात पुढे करेल. नको म्हणा.