एआरटी सेंटरवर पिशवीचा विषय निघायलाच हवा

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, गोळ्या न्यायला आलेल्या बाईचं वजन होतं, खोकला-ताप विचारतात, उरलेल्या गोळ्या मोजतात, व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती हे बघणाऱ्या तपासणीची) तारीख बघतात. कंडोमचं पाकीटही मिळतं. पण पाळी, अंगावरून पांढरं जाणं, मूल हवंय की नको हे विषय निघाले की "गायनॅकला दाखवा". म्हणजे दुसरा केसपेपर, दुसरी रांग, आणि नव्या माणसांना पुन्हा पहिल्यापासून सांगणं. विरार-कल्याणहून लोकलने आलेली, कामावर एक खाडा आधीच पडलेली बाई दुसरा खाडा पाडत नाही. तिला बेजबाबदार म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबाबत. एचआयव्ही असलेल्या बाईला त्याचा धोका सहापट असतो, कारण हा कॅन्सर करणारा एचपीव्ही विषाणू तिच्या शरीराला लवकर हटवता येत नाही. म्हणून इतर बायकांची तपासणी तिशीत सुरू करतात, पण हिची 25व्या वर्षी सुरू करा आणि दर 3 ते 5 वर्षांनी, व्हीआयएने करत असाल तर दर 3 वर्षांनी करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्हीआयए म्हणजे पातळ अ‍ॅसिड लावून पिशवीचं तोंड नुसत्या डोळ्यांनी बघणं; या तपासणीला भूल लागत नाही, टाका नाही. 5 मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड 95 मिली पाण्यात, त्याच दिवशी ताजं केलेलं. बोळ्याने पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि पूर्ण 1 मिनिट थांबायचं. बिघडतं ते इथेच. गर्दीत घाईने वीस सेकंदांत बघितलं की बिघडलेल्या पेशींचा पांढरा डाग उमटायच्या आतच "नॉर्मल" लिहिलं जातं. पाळी थांबत आलेल्या बायकांत बघायची जागा आत सरकते, तिथे एचपीव्ही टेस्टच बरी.

पाळणा लांबवायचा तर "तुला तांबी चालत नाही" हे सर्रास ऐकवतात. चूक आहे. एआरटीवर तब्येत चांगली असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर तांबी चालते, 3 महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शनही चालतं. सोबत कंडोम ठेवायचा. अडचण येते ती एचआयव्हीचं जुनं औषध एफाविरेंझ किंवा टीबीचं रिफाम्पिसिन चालू असताना. तेव्हा 72 तासांतली इमर्जन्सी गोळी कमी पडते, म्हणून 5 दिवसांच्या आत तांबी बसवणं जास्त भरवशाचं. आताच्या टीएलडी या एचआयव्हीच्या गोळीने हा घोळ होत नाही.

टीएलडीचा घोळ वेगळा आहे आणि तो गरोदरपणात होतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या पोटातच टीएलडीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाला धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं पोचत नाही. पोटभर जेवणासोबत टीएलडी आणि लोह किंवा कॅल्शियम घेतलं तर चालतं. उपाशीपोटी घ्यायची तर टीएलडी त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर. पण उलट्या होणारी बाई दोन घास खाऊन सगळ्या गोळ्या एकदम गिळते, वर जळजळ होते म्हणून अँटासिड घेते. ते तर जेवणासोबतही नको. मग शेवटच्या महिन्यांत व्हायरल लोड वाढलेला दिसतो आणि तिला ऐकावं लागतं, "ताई, गोळ्या चुकवताय." तिने एकही चुकवलेली नसते! आशाताईने दिलेल्या गोळ्या आणि एआरटीच्या गोळ्या एका कागदावर वेळेसकट लिहून द्यायला दोन मिनिटं लागतात, पण ते कुणाचंच काम नसतं.

आणि गर्भपात किंवा नसबंदी तिच्या संमतीशिवाय कुणीही करू शकत नाही. 2017चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018पासून लागू आहे, त्यात हे लिहिलंय. "आजार आहे ना, मग ऑपरेशन करूनच घे" असा दबाव आणून घेतलेली सही ही संमती नव्हे.

मागणी मोठी नाही. सेंटरला लागून पडद्याआड एक टेबल, चांगला लाइट, तपासणीसाठी निर्जंतुक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरायचं साधन), तांब्या, अंतरा, आणि आठवड्यातून दोन दिवस व्हीआयए शिकलेली सिस्टर. गोळ्यांच्या तारखेलाच, त्याच केसपेपरवर.