ग्राँ क्रू म्हणजे सगळं आलं असं नाही

वाइन जमवण्यावरचा लेख आवडला, पण त्यातलं "वाइन जमवायची तर डोळे झाकून ग्राँ क्रू घ्या" (म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या मळ्याची वाइन) हे काही पटलं नाही. फ्रान्समधल्या बर्गंडीतला क्लो द वूजो हा ग्राँ क्रू मळाच बघा. भिंतीआड सुमारे ५० हेक्टरांचा मळा आणि मालक ८०च्या आसपास! वर वाड्याजवळची जमीन निचऱ्याची, खाली रस्त्यालगतची चिकणमातीची. लेबलवर दर्जा मात्र एकच. म्हणून आधी उत्पादकाचं नाव बघायचं, मग मळ्याचं. मला तर बर्गंडीतल्याच व्होल्ने गावची चांगली प्रीमिए क्रू, म्हणजे एक पायरी खालच्या दर्जाची वाइन, कधीही चालेल.

आणि हो, रंग फिका दिसला म्हणून पिनो न्वारला (बर्गंडीची रेड वाइन याच द्राक्षाची) पाणचट समजू नका, त्या द्राक्षाची सालच पातळ. फक्त आपल्याकडच्या 'रूम टेंपरेचर'ला ओतू नका. १५ अंशांच्या आसपास चेरीचा वास खुलतो, तिशीत नुसतं अल्कोहोल नाकात जातं.