सोवळ्यातला ईमेल कसा लिहावा

खासदाराला ईमेल पाठवायचा असेल तर आधी विषय नीट निवडा. रस्त्यावरचे खड्डे, पार्किंग, बागेतली मोडकी बाकं, कबुतरांचा उच्छाद हे उत्तम विषय. बलात्काराचा कायदा हा अगदी वाईट विषय. कायदा कितीही चांगला असो, त्यात तो शब्द येतो, आणि ब्रिटिश संसदेच्या दारात ईमेल गाळायला बसवलेला फिल्टर कडक सोवळ्यातला असतो. शब्द शिवी म्हणून आला की तक्रार म्हणून, हे बघत बसायला त्याला वेळ नसतो. त्याला नुसत्या स्पर्शानेच विटाळ होतो.

हॅरोत किंवा स्लॉमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण ब्रिटनमध्ये रीतसर राहणारा भारतीय नागरिक तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, म्हणजे खासदाराला पिडूही शकतो.

फेब्रुवारी २००३ची गोष्ट घ्या. ब्रिटिश संसदेपुढे तेव्हा लैंगिक गुन्ह्यांचं विधेयक होतं. १९५६चा जुनाट कायदा बाजूला सारून बलात्कार म्हणजे काय, संमती कशाला म्हणायचं, मुलांवरचे अत्याचार कोणत्या कलमात बसवायचे, हे सगळं नव्याने लिहायचं होतं. लोकांनी आपल्या खासदाराला चार शब्द कळवावेत अशी ही वेळ. नेमक्या त्याच वेळी हाउस ऑफ कॉमन्स या संसदेच्या खालच्या सभागृहाच्या नव्या फिल्टरने या विधेयकाचा उल्लेख असलेले ईमेल अडवायला सुरुवात केली. आता विधेयकाच्या नावातच ‘सेक्शुअल’ असेल तर बिचाऱ्या फिल्टरने तरी काय करावं? दोष असलाच तर नाव ठेवणाऱ्यांचा. ‘कौटुंबिक स्नेहसंबंध सुधारणा विधेयक’ म्हटलं असतं तर सुरळीत पोचलं असतं.

अशा विषयावर लिहायचंच झालं, तर हा नमुना उतरवून घ्या: ‘महोदय, सध्या सभागृहापुढे असलेल्या त्या विधेयकाबद्दल लिहीत आहे. तसला प्रकार घडल्यावर तिचा होकार होता की नव्हता हे कसं ठरवायचं, याविषयी त्या कलमात जे म्हटलं आहे ते आम्हाला जरा तसंच वाटतं. तरी योग्य तो विचार व्हावा. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.’ हा ईमेल हमखास पोचेल. विषय विमा पॉलिसीचा आहे असं खासदारांना वाटेल, पण पोचेल.

दुसरी काळजी पत्त्याची. घर घेताना गावाचं स्पेलिंग तपासा. इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प नावाचं पोलाद कारखान्यांचं गाव आहे. त्याच्या स्पेलिंगच्या मधोमध चार अक्षरी शिवी दडलेली आहे, हे तिथल्या लोकांना पिढ्यानपिढ्या खटकलं नव्हतं. १९९६मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या फिल्टरला ते खटकलं आणि गावकऱ्यांना खातंच उघडता येईना. गाव सोडा, लंडनच्या हॉर्निमन म्युझियमला २००४मध्ये स्वतःच्याच फिल्टरने छळलं, कारण त्याला त्या नावात ‘हॉर्नी मॅन’, म्हणजे कोणी वासनांध पुरुष दिसला. नोकरीच्या अर्जातही ‘स्पेशालिस्ट’ लिहू नका. त्या स्पेलिंगच्या पोटात ‘सिआलिस’ नावाची गोळी लपलेली आहे, आणि ती कशासाठी घेतात हे फिल्टरला तुमच्याआधी माहीत असतं.

तिसरी काळजी भाषेची. ईमेल मातृभाषेत लिहावा असा मोह होईल. आवरा. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, त्याच फिल्टरने वेल्श भाषेतले ईमेलही अडवले होते, कारण ही कुठली भाषा हेच त्याला कळेना. २००१च्या जनगणनेत वेल्श येणारे वेल्समध्ये पावणेसहा लाखांवर होते. वेल्सच्या सरकारी कारभारात वेल्शला इंग्रजीच्या बरोबरीचं स्थान देणारा १९९३चा कायदा याच संसदेने केलेला. पण फिल्टर काही त्या सभागृहात मतदानाला बसला नव्हता. जिथे वेल्शची ही गत, तिथे आपल्या ‘ळ’ची काय पत्रास!

फिल्टरवर टीका तर मुळीच करू नका. २००३च्या त्याच गोंधळात लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या एका चर्चापत्रिकेशी संबंधित काही ईमेल अडकले. पत्रिकेचा विषय होता सेन्सॉरशिप. पुढे २००६मध्ये एओएलने पैसे भरणाऱ्या कंपन्यांच्या ईमेलना खास वाट करून द्यायचं ठरवलं, त्याविरुद्ध लोकांनी एक वेबसाइट काढली, आणि तिचा पत्ता लिहिलेले ईमेल एओएलमध्ये शिरेनात. तांत्रिक बिघाड, असं कंपनीने सांगितलं. बिघाडालाही आपलं हित कळतं, हे मला फार आवडलं.

इथे निदान ईमेल परत तरी येत होते. कॉमकास्ट या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना तेवढंही सुख नव्हतं. इराक युद्धाआधी, जुलै २००२मध्ये, ब्रिटिश पंतप्रधानांच्या घरी, डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या बैठकीचं गुप्त टिपण मे २००५मध्ये ‘संडे टाइम्स’ने छापलं. त्यावरून अमेरिकेत बुश यांची चौकशी व्हावी म्हणून ‘आफ्टर डाउनिंग स्ट्रीट’ नावाची आघाडी उभी राहिली. त्या उन्हाळ्यात तिच्या वेबसाइटचा पत्ता ज्या ईमेलमध्ये असेल तो कॉमकास्टच्या ग्राहकांना मिळेचना. पाठवणाऱ्याला कळलं नाही, ज्याला पाठवला त्यालाही कळलं नाही. मागाहून बोट दाखवलं गेलं ते सिमँटेक कंपनीच्या स्पॅम फिल्टरकडे. ही पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. पत्र फाडलं तर तुकडे उरतात, पोस्टमनने नाकारलं तर भांडण होतं. इथे काहीच होत नाही. तुम्ही समजता साहेबांनी उत्तर द्यायची तसदी घेतली नाही, साहेब समजतात या प्रश्नावर मतदारसंघात शांतता आहे. शांतता म्हणजे संमती, हे ओघानेच आलं.

आपल्याकडे यंत्रावर भिस्त ठेवलेली नाही, त्याचंही कौतुक करायला हवं. २०२२च्या जुलैत लोकसभा सचिवालयाने असंसदीय शब्दांची पुस्तिका काढली, तीत ‘करप्ट’ होतं, ‘अब्यूज्ड’ होतं, ‘जुमलाजीवी’ही होतं. कुठल्याही शब्दावर बंदी नाही, पूर्वी कामकाजातून वगळलेल्या शब्दांचं ते संकलन आहे, असा खुलासा लोकसभा अध्यक्षांनी केला. म्हणजे शब्द बोलायचा, मग तो वगळायचा, मग त्याची यादी करायची. माणसं कामाला लागतात.

तरीही तुम्हाला तो घाणेरडा, खरा विषयच मांडायचा असेल, तर गुरू योग्य निवडा. पुरुषी दौर्बल्याच्या गोळ्या विकणारे बघा. हाउस ऑफ कॉमन्स असो की तुमचं ऑफिस, त्यांचा माल पोचतोच. ते आय या अक्षराच्या जागी १चा आकडा टाकतात, ए काढून @ बसवतात, मध्ये टिंबं देतात, अधूनमधून कवितेची ओळ पेरतात. अत्याचाराला बळी पडलेल्या बाईने, तिच्या वकिलाने, तिला आसरा देणाऱ्या संस्थेने यांच्याकडे शिकवणी लावायला काय हरकत आहे? ‘ब@लात्.का.र’ असं लिहिलं की काम झालं. पॉल ग्रॅहम नावाच्या प्रोग्रामरने २००२मध्येच लिहून ठेवलं होतं की एकेका शब्दावर न अडता सगळं पत्र तोलावं, कुठले शब्द चोराच्या पत्रात येतात आणि कुठले साधूच्या, याचा हिशेब ठेवावा. पण सोवळं पाळणाऱ्याने पत्र वाचायचं म्हणजे आधी त्याला हात लावणं आलं.

हे सगळं करूनही उत्तर आलं नाही, तर वेस्टमिन्स्टरला जा. सेंट्रल लॉबीत उभं राहून खासदाराला बाहेर बोलावून घ्यायचा मतदाराचा जुना रिवाज आहे. जाताना स्वच्छ कपडे घाला. कशासाठी भेटायचंय असं कुणी विचारलंच, तर विधेयकाचं नाव अजिबात घेऊ नका. हवापाण्याबद्दल म्हणा.